कुत्र्या-मांजराबरोबरचा पहिला उन्हाळा आहे ना, मग एवढं सांभाळ

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतो, म्हणून दमट हवेत त्याचे जास्त हाल होतात. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर विशेष जपायचं.

फिरायला भल्या पहाटे ने किंवा ऊन पूर्ण उतरल्यावर. संध्याकाळीही डांबर तापलेलंच असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघ. तुला सोसलं नाही, तर त्याचे पंजेही भाजणार.

केस मुळापासून भादरू नकोस, तेच त्याला उन्हापासून वाचवतात. नुसते विंचरून मोकळे कर. गाडीत एकटं सोडणं मात्र अजिबात नाही, काच खाली असली तरी नाही. मांजर स्वतःच गार फरशी शोधतं, त्याच्यासाठी पाण्याची दोन-तीन भांडी ठेवलीस की झालं.

कुत्र्याची धाप थांबत नाही, लाळ घट्ट झालीय, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या जातायत, तर सावलीत आणून अंगावर गार पाणी ओत, पंखा लाव. ओला टॉवेल पांघरून ठेवू नकोस, आत उष्णता कोंडते. आणि लगेच डॉक्टरकडे ने, बरं वाटलं तरीही.