एसएलआर दुसऱ्या राउंडला अडकते? आधी पिस्टनचं तेल पुसा

तुम्ही विचारलंय की ७.६२ एसएलआरला (सेल्फ लोडिंग रायफल, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल) रोज तेल देऊनही रेंजवर एक राउंड सुटला की पुढचा चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या जागेत, येत नाही, दर वेळी हाताने खटका मागे ओढून कॉक करावं लागतं. माझी बरीच वर्षं कोतमध्ये, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारात गेली. माझ्या मते दोष त्या तेलातच आहे.

कुठलीही तपासणी करण्याआधी मॅगझिन काढा, दोन-तीनदा कॉक करा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. हे कधीही चुकवू नका. मग मॅगझिन बदलून पाहा, कारण ओठ, म्हणजे काडतुसं धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकलेलं मॅगझिनही असाच त्रास देतं.

आता गॅस. गोळी बॅरलमधून जाताना थोडा गॅस वरच्या सिलिंडरमध्ये शिरतो, पिस्टनला मागे ढकलतो, पिस्टन स्लाइडला ढकलतो आणि स्लाइड चेंबर मागून बंद करणाऱ्या ब्रीच ब्लॉकला मागे नेते. पिस्टनवर तेल असलं की ते त्या उष्णतेत जळतं, काजळी घट्ट बसते, पिस्टन जड होतो आणि ब्लॉक पुरेसा मागे येत नाही. मीही नवीन असताना मुसळधार पावसात गंजाच्या भीतीने पिस्टन तेलाने माखला होता. दुसऱ्या दिवशी रायफल दोन राउंडांत अडकली. उस्तादांनी पिस्टन कोरडा पुसायला लावला आणि ती लगेच चालू लागली. म्हणून पिस्टन, सिलिंडर आणि गॅस प्लग फायरच्या वेळी कोरडेच हवेत. तेल ब्लॉक आणि स्लाइड जिथे घासतात तिथे, तेही बोटाला जेमतेम लागेल इतकंच.

पिस्टन साफ करूनही अडकली, तर पिस्टनला किती गॅस मिळावा हे ठरवणाऱ्या रेग्युलेटरकडे वळा. तो उघडा असला की गॅस बाहेर निसटतो, बंद करत गेलं की पिस्टनला जास्त मिळतो, म्हणून एकदम पूर्ण बंद करू नका. जास्त गॅसने पुर्जे आपटतात आणि तुटतात. उघड्या बाजूने सुरुवात करून एकेक खटका बंद करत जा. रायफल नीट चालू लागली की आणखी दोन खटके द्या.

बॅरलसाठी पुल थ्रू (चिंदी अडकवून बॅरलमधून ओढायची दोरी) चेंबरकडून मझलकडे, म्हणजे नळीच्या तोंडाकडे, एका सरळ रेषेत ओढा. कोरडी चिंदी चार बाय दोन इंचांची, तेलाची थोडी अरुंद, म्हणजे तेल चेंबरपाशीच पिळून निघत नाही. फायरनंतर बॅरल ‘घाम’ सोडते, म्हणजे आतून पुन्हा मळ वर येतो, त्यामुळे एकदा साफ करून भागत नाही, पुढचे तीन दिवस रोज चिंदी फिरवा. पण पुन्हा फायरला जाण्याआधी बॅरल आणि चेंबर कोरडं करा. चेंबरमध्ये तेल राहिलं तर काडतुसाची पितळी पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का ब्रीच ब्लॉकवर येतो.

जुन्या .३०३ रायफलवाल्यांकडून बॅरलमध्ये उकळतं पाणी ओतायचं ऐकलं असेल. त्या काडतुसांच्या कॅपमधून, म्हणजे बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीतून, क्षार उरायचे. ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यातच विरघळतात, म्हणून ती पद्धत होती.

काजळी निघेना म्हणून पिस्टनला पॉलिश पेपर मात्र लावू नका. पिस्टन झिजला की गॅस बाजूने निसटतो आणि आज जो दोष पुसून जातोय तो कायमचा होतो. तशी वेळ आली तर रायफल आर्मररकडे, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे द्या.