हॉस्पिसमध्ये मॉर्फिन देऊन पेशंटला लवकर संपवतात का?

नाही. नीट दिलं तर नाही. हॉस्पिस म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात शेवटचे दिवस सुसह्य करणारी जागा, आणि मॉर्फिन म्हणजे अफूपासून बनणारं जोरदार वेदनाशामक. तुम्ही विचारलंय की मॉर्फिन सुरू झालं की माणूस थोड्याच दिवसांत जातो, मग हे मारणंच नाही का. अहो, शेवट जवळ आला की दुखणं वाढतं म्हणून डोस वाढतो, तुम्ही उलटं धरताय. मोठ्या भावाला हेच सांगून सांगून माझा घसा बसलाय.

आईचा कॅन्सर हाडांत उतरला होता. कूस बदलायची म्हटलं तरी ओरडायची, आणि दादा फोनवरून सांगणार मॉर्फिन नको, सवय लागेल. सवय? जिचे मोजके दिवस उरलेत तिला? घरी होती तोवर दुखलं की गोळी असं चाललेलं, त्यामुळे ती कायम पुढच्या कळेच्या धास्तीत. हॉस्पिसमधल्या सिस्टरनी आधी तेच बंद केलं. दर 4 तासांनी पातळ मॉर्फिन, दुखो न दुखो, मध्येच कळ आली तर जादा डोस वेगळा, आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. सिसिली सॉन्डर्स बाईंनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं तिथली हीच पद्धत, कळ उठायच्या आधी औषध, आणि 1986 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच सांगितलं. सुरुवातीला ती नुसती झोपून होती, दादा म्हणाला बघ, गुंगीत ठेवलंय. किती रात्रींची झोप थकली होती तिची! मग उठली आणि मला म्हणाली केस विंचर माझे.

गेली त्या दिवशी पहाटेपासूनच श्वास तुटक झालेला, मध्ये मोठा खंड, पुन्हा दोन-चार श्वास. गिळता येत नव्हतं म्हणून औषध कातडीखालून चालू होतं, दुपारी नेहमीचंच इंजेक्शन दिलं, मात्रा अजिबात वाढवली नव्हती. संध्याकाळी गेली. दादा नेमका दुपारी पोचला, त्याने तेवढी एक सुई पाहिली आणि आजही चार लोक जमले की सांगतो, त्या सुईने नेलं आईला. पहाटेचा श्वास त्याने ऐकलाच नव्हता. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, ऐनवेळी येऊन वाद घालणाऱ्या नातेवाइकाला आधी एक रात्र पेशंटशेजारी बसवा, मग बोलू द्या.

आता भीती अगदीच खोटी नाही हेही सांगते. इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टच्या हॉस्पिटलचा चौकशी अहवाल 2018 मध्ये आला, वैद्यकीय कारण नसताना दिलेल्या असल्या औषधांनी 450 हून जास्त लोकांचं आयुष्य कमी झालं होतं, आणि त्यातले काही जण तर हाड मोडल्यावर पुन्हा चालतं व्हायला दाखल झालेले, मरणाला टेकलेले नव्हतेच. शिवाय किडनी कमजोर असेल तर मॉर्फिन अंगात साठतं, डोस कमी करावा लागतो नाहीतर औषध बदलावं लागतं. तेव्हा विचारा, कुठलं औषध, किती, दर किती तासांनी, वाढवलं तर कशासाठी, आणि चार्ट मागा. आम्हाला मागितल्याबरोबर दाखवला होता. दादापुढेही ठेवला होता, त्याने उघडून बघितला नाही.