गणगौर निघते, चैत्रगौर बसते

प्रश्न : लग्नानंतर मी पुण्याहून इंदूरला आले. शेजारच्या मारवाडी काकूंकडे होळीनंतर गणगौर पुजतात आणि चैत्र शुद्ध तृतीयेला तिची पाठवणी करतात. आमच्याकडे नेमकी त्याच दिवशी चैत्रगौर झोपाळ्यात बसते. ही देवी एकच का? शिवाय यंदा हळदीकुंकवाला माझ्या विधवा चुलतसासूबाईंना बोलवावे असे मला वाटते, पण घरात काहींना ते रुचत नाही. काय करावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : देवी एकच, शिवाची गौरी. दोन्ही घरी ती माहेरवाशीण म्हणूनच येते. फरक फक्त मुक्कामाच्या काळाचा. काकूंकडे धुळवडीपासून सोळा-अठरा दिवस तिचे लाड होतात आणि तृतीयेला ईसरजींबरोबर, म्हणजे शिवाबरोबर, तिची सासरी रवानगी होते. आपल्याकडे त्याच तृतीयेला ती येते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे महिनाभर, झुलते. शेजारच्या दारातून निघालेली लेक तुमच्या दारात उतरते, असे म्हणायला हरकत नाही. निमाडात तीच रणुबाई होते, धणियर राजा तिचा पती, आणि तिथे तिच्यासाठी टोपल्यांतून गव्हाचे जवारे पेरतात. गणगौर चैत्रातच सुरू होते असे काकू म्हणतील, तर तुमचे पंचांग त्याला फाल्गुन वद्य म्हणेल. दोन्ही खरे, कारण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. शुद्ध पक्षाचे नाव मात्र दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे तृतीयेबद्दल वाद उरत नाही.

चैत्रगौरीला महिनाभराची मुदत आहे, यातच या सणाचे सामाजिक मर्म आहे. प्रत्येक घर आपल्या सोयीचा मंगळवार किंवा शुक्रवार धरते, अंगणात चैत्रांगण रेखते, आणि आंबेडाळ, पन्हे व भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी यांच्या निमित्ताने बायका आळीपाळीने एकमेकींकडे जातात. आपल्या पणज्यांना घराबाहेर पडायला कोणी बोट दाखवणार नाही अशा सबबी फार थोड्या होत्या. त्यांतली ही एक, आणि नेमकी तीच विधवांच्या वाट्याला आली नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची मुळे इथे आहेत.

चुलतसासूबाईंना अवश्य बोलवा. ज्या अहिल्याबाईंचे नाव इंदूर अभिमानाने घेते, त्या १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात विधवा झाल्या आणि पुढे १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे त्यांनी राज्यकारभार केला. त्यांच्या पुतळ्याला हार घालायचा आणि घरातल्या बाईला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, ही विसंगती मला तरी समजत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो एका लहान गावाने.

मात्र आधी त्यांना एकान्तात विचारा. अनेक वर्षे कपाळ मोकळे ठेवलेल्या बाईला चारचौघींसमोर अचानक कुंकू लावले, तर तिला मानापेक्षा संकोचच अधिक वाटेल. त्यांना कुंकू नको असेल, तर आग्रह न करता ओटी, डाळ आणि पन्हे इतरांच्या पंक्तीतच द्या. हवे असेल, तर ते आधी सासूबाईंनी लावावे, म्हणजे घरातली कुजबुज तिथेच थांबेल. आणि शेजारच्या काकूंना तृतीयेला बोलवू नका, त्या दिवशी त्या पाठवणीच्या गडबडीत असतील. पुढचा शुक्रवार ठरवा.