जुन्या विंडोजची निगा : वाचकांचे प्रश्न

विंडोज १० साठीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हापासून या सदराकडे जुन्या संगणकांविषयी बरीच पत्रे येत आहेत. त्यांतील पुष्कळशी पत्रे मात्र त्याहून जुन्या, म्हणजे २००९ साली आलेल्या विंडोज ७ विषयी आहेत. छापखाने, हिशेबनिसांची कार्यालये आणि निवृत्तांची घरे येथे ही प्रणाली अजून रोज वापरली जाते, म्हणून या अंकात तिच्याविषयीचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या छापखान्यात २०११ साली घेतलेला संगणक आहे. त्यावर ३२ बिटची विंडोज ७, पाने मांडण्याचा पेजमेकर ७ हा प्रोग्रॅम आणि जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटचे सॉफ्टवेअर आहे. पत्रिका, अहवाल, स्मरणिका अशी सारी जुनी कामे त्यातच आहेत. ब्राउझर आता अपडेट मिळणार नाही असे सांगतो आणि दुकानदार नवे यंत्र घ्या म्हणतात. नव्या यंत्रावर ही कामे उघडतील का? (एक छापखानाचालक, इचलकरंजी)

उत्तर : नवे यंत्र अवश्य घ्यावे, मात्र जुने काढून टाकू नये. आपली कामे नव्या यंत्रावर जशीच्या तशी उघडतील, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ सालची असून तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत, समजत नाही. आपले जुने फाँट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवून चालतात, आणि कोणता आकार कोणत्या जागी हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवलेले होते. त्यामुळे तोच फाँट हजर नसेल, तर पत्रिकेवरील ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांचा निरर्थक गोळा दिसतो. शिवाय विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये मिळते. ३२ बिटचे ड्रायव्हर (संगणकाची उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम) आणि १६ बिटचे जुने इन्स्टॉलर तिच्यावर चालत नाहीत. फाँटच्या सॉफ्टवेअरचे लॉक, म्हणजे ते चालण्यासाठी संगणकाला जोडावे लागणारे छोटे उपकरण, जुन्या प्रिंटर पोर्टला जोडण्याचे असेल, तर नव्या यंत्राला बहुधा ते पोर्टच नसते.

आता सुरक्षिततेविषयी. विंडोज ७ ची सर्वसाधारण अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाली आणि संस्थांना पैसे भरून मिळणारी जादा मुदतही १० जानेवारी २०२३ रोजी संपली. क्रोमची १०९ ही या प्रणालीवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. फायरफॉक्सने ११५ क्रमांकाच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला वेळोवेळी मुदतवाढ दिली, परंतु त्या भरवशावर या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस कोणी काही न उघडताही जोडलेल्या एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होता, आणि त्याच्या तडाख्यात सापडलेल्या संगणकांत विंडोज ७ वालेच बहुसंख्य होते. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिला होता. आज अशी नवी फट सापडली, तर विंडोज ७ साठी तसा उपाय येईल याची शाश्वती नाही.

म्हणून जुन्या यंत्राची नेटवर्कची वायर सरळ काढून ठेवावी आणि त्याच्याकडे जुळणीचे एकच काम ठेवावे. पीडीएफ पेनड्राइव्हने नव्या यंत्रावर न्यावी. येणारा पेनड्राइव्ह आधी नव्या यंत्रावर तपासावा आणि जुन्या यंत्रातील ऑटोप्ले, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच तो आपोआप उघडण्याची सोय, बंद करावे. त्यानंतर कंट्रोल पॅनेलमधील ‘बॅकअप अँड रिस्टोअर’मध्ये जाऊन संपूर्ण प्रणालीची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि तेथूनच दुरुस्तीची सीडीही तयार करून ठेवावी. ही इमेज मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर परत बसवता येत नाही, एवढे लक्षात असू द्यावे. फाँटचे लॉक यूएसबीचे असेल, तर नव्या यंत्रावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) विंडोज ७ चालवून तेथेही जुळणी करता येते. तो प्रयोग जुने यंत्र चालू असतानाच करून पाहावा.

मला सर्वांत अधिक काळजी मात्र आपल्या फाइलींतील मजकुराची वाटते. स्मरणिका, गावांचे इतिहास, संस्थांचे अहवाल असा कितीतरी मराठी मजकूर महाराष्ट्रभरच्या छापखान्यांत याच स्थितीत पडून आहे. ते यंत्र भंगारात गेले, तर छापील प्रतीखेरीज काहीच उरत नाही. महत्त्वाच्या प्रत्येक कामाची पीडीएफ आजच करावी आणि मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून वेगळा जपावा. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. हा क्रम बदलताना ‘स्थिती’ किंवा ‘शक्तिशाली’सारख्या जोडाक्षरांच्या शब्दांत वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटू शकते आणि रफारही सरकतो. त्यामुळे रूपांतरानंतर मुद्रितशोधन टाळता येत नाही. रोज थोडे थोडे केले तरी चालेल, पण सुरुवात करावी.

प्रश्न : माझ्या विंडोज ७ च्या संगणकाची रॅम २ जीबी आहे. सी ड्राइव्ह सतत लाल दिसतो आणि संगणक सुरू व्हायला फार वेळ लागतो. ‘विनएसएक्सएस’ नावाचे फोल्डर अवाढव्य झाले आहे. ते काढून टाकले तर चालेल का? (एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : ते फोल्डर हाताने काढू नये, कारण त्यात विंडोजचे स्वतःचे घटक असतात आणि ते गेले तर प्रणाली पुन्हा सुरू न होण्याची शक्यता असते. एकच फाइल दोन ठिकाणी नोंदलेली असल्यामुळे त्याचा आकार प्रत्यक्षाहून मोठा दिसतो. ‘डिस्क क्लीनअप’ उघडून ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’वर टिचकी मारावी आणि ‘विंडोज अपडेट क्लीनअप’पुढे खूण करावी. ही सोय ऑक्टोबर २०१३ च्या अपडेटने आली असून तिच्यामुळे पुष्कळदा काही जीबी जागा सुटते. हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करण्याची सोय, वापरत नसाल तर तेही बंद करून घ्यावे, कारण त्यासाठी रॅमच्या ७५ टक्के आकाराची फाइल डिस्कवर राखलेली असते.

सुरू होण्याचा वेळ कमी करण्यासाठी ‘एमएसकॉन्फिग’मधील स्टार्टअपच्या यादीतून अनावश्यक प्रोग्रॅम उतरवावेत. रजिस्ट्री साफ करून वेग वाढवण्याचे आश्वासन देणारी मोफत सॉफ्टवेअर मात्र घेऊ नयेत. त्यांनी वेग वाढत नाही आणि नको ते प्रोग्रॅम सोबत येतात. खरा फरक पडतो तो हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवल्याने. विंडोज ७ ला एसएसडीची ओळख आहे, म्हणून तिच्यावर नव्याने विंडोज टाकून घेतल्यास डीफ्रॅगमेंट करण्याचे वेळापत्रक ती स्वतःच वगळते. तंत्रज्ञ जुन्या डिस्कची नक्कल करणार असेल, तर बायोसमधील (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्रॅममधील) डिस्कची पद्धत परस्पर बदलू नये असे त्याला सांगावे. विंडोजमधील संबंधित ड्रायव्हर आधी सुरू न करता ही पद्धत ‘आयडीई’ची ‘एएचसीआय’ केली, की विंडोज बंद पडून निळा पडदा येतो आणि दोष एसएसडीवर जातो. रॅम वाढवायची असल्यास ४ जीबीपर्यंतच वाढवावी. ३२ बिटच्या विंडोज ७ ला त्याहून अधिक वापरता येत नाही.

विंडोज पुन्हा टाकताना सर्व्हिस पॅक १ या अपडेटच्या संचानंतर ‘केबी४४९०६२८’ आणि ‘केबी४४७४४१९’ ही दोन अपडेट मायक्रोसॉफ्टच्या कॅटलॉगमधून उतरवून आधी बसवावीत. २०१९ च्या उत्तरार्धापासूनची अपडेट नव्या पद्धतीच्या डिजिटल सहीने येतात, आणि ही दोन नसतील तर त्या सहीची पडताळणी प्रणालीला करता येत नाही.

प्रश्न : मला माझ्या जुन्या विंडोज ७ चे रूप बदलायचे आहे. बाहेरच्या थीम बसवण्यासाठी एक सिस्टिम फाइल बदलावी लागते असे मित्र म्हणतो. तसेच वडिलांसाठी अक्षरे मोठी आणि मराठी हवी आहेत. (एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : मित्र म्हणतात ती फाइल म्हणजे ‘यूएक्सथीम’. मायक्रोसॉफ्टची सही नसलेली थीम विंडोज नाकारते, आणि ती अट काढून टाकण्यासाठी या फाइलची फेरफार केलेली प्रत बसवली जाते. अनोळखी हातांनी बदललेली सिस्टिम फाइल, तीही अपडेट न मिळणाऱ्या प्रणालीवर, मी स्वतः बसवणार नाही. सिस्टिम फाइलींची तपासणी चालवली, की विंडोज मूळ प्रत परत आणते आणि केलेले श्रमही वाया जातात. डेस्कटॉपवरील गॅजेटही सुरू करू नयेत. त्यांतील धोक्यांमुळे ती बंद करण्याचा सल्ला मायक्रोसॉफ्टनेच जुलै २०१२ मध्ये दिला होता.

विंडोजच्या स्वतःच्या सोयींनीही बरेच काही साधते. टास्कबारवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’मध्ये लहान चिन्हे निवडावीत आणि बटणे एकत्र न करण्याचा पर्याय घ्यावा. टास्कबार पुष्कळसा एक्सपीसारखा दिसू लागतो. ‘विंडोज क्लासिक’ थीम घेतल्यास काचेसारखे पारदर्शक रूप जाते आणि जुन्या ग्राफिक्सवरचा भारही उतरतो. वेगासाठी अनेक जण ‘ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ निवडून सगळ्याच खुणा काढतात. तसे केल्यास अक्षरांच्या कडा मऊ करणारी खूण तेवढी परत करावी. ती नसेल तर देवनागरीच्या वेलांट्या दातेरी दिसतात, जोडाक्षरांतील बारीक भाग एकमेकांत मिसळतात, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होतो. आपल्या वडिलांसाठी ही खूण फार महत्त्वाची आहे.

अक्षरे मोठी करण्यासाठी ‘डिस्प्ले’मध्ये १२५ टक्के निवडावे. पडद्याचे रिझोल्यूशन कमी करू नये, कारण त्याने अक्षरे मोठी होतात पण पुसट दिसतात. मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज ७ मध्ये मुळातच आहे. कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजन अँड लँग्वेज’मध्ये जाऊन तो फक्त जोडावा लागतो. ‘मंगल’खेरीज ‘कोकिळा’, ‘उत्साह’ आणि ‘अपराजिता’ हे देवनागरी फाँटही या प्रणालीबरोबर आले आहेत. वडिलांना यांतील कोणता वाचायला सोपा जातो, ते प्रत्येकात एकेक परिच्छेद दाखवून त्यांनाच ठरवू द्यावे.

प्रश्न : संगणक बंद करून सुरू केला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि बहुतेक वेबसाइट सुरक्षित नसल्याचा इशारा देतात. व्हायरस असेल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : बहुधा नाही. मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली असावी. सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि आपल्या संगणकाची तारीख त्या मुदतीच्या आधीची असेल, तर ब्राउझर ते प्रमाणपत्र नाकारतो. वीजपुरवठ्याची वायर काढून ‘सीआर२०३२’ क्रमांकाची नवी बॅटरी जुनीच्याच दिशेने बसवावी, नंतर बायोसमध्ये जाऊन तारीख, वेळ आणि डिस्कची पद्धत पूर्वीप्रमाणे आहे याची खात्री करावी. तारीख बरोबर झाल्यावरही काही मोजक्याच वेबसाइट तसा इशारा देत राहिल्या, तर कारण ब्राउझरच्या जुनेपणात आहे. त्या वेबसाइटसाठी दुसरा संगणक किंवा मोबाइल वापरावा. इशारा डावलून तेथे पासवर्ड देऊ नये.