मित्रांसोबतच्या लांबच्या बाईक ट्रिपमधला एक दिवस कसा जातो? रोज ६०० किलोमीटर जमतील का?

तुम्ही लिहिलंय की चौघे मित्र चार गाड्यांवर दहा दिवसांसाठी निघताय, चौघांचीही ही पहिलीच मोठी ट्रिप आहे आणि रोजचे ६०० किलोमीटर धरलेत. एखाद्या दिवशी ६०० होतील. रोज होणार नाहीत, आणि करूही नका. मी बरीच वर्षं त्याच तीन मित्रांबरोबर लांब जातोय. आम्ही हल्ली दिवसाला ३५० च्या वर धरत नाही. असं का, ते समजावं म्हणून एका ट्रिपचा चौथा दिवस सांगतो.

उजाडता उजाडता उठलो. गाड्या थंड होत्या तोवर टायरची हवा मोजून घेतली. गाडी चालली की टायर तापतो आणि आकडा वर जातो. तो बघून कोणी हवा सोडली, तर टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. चेनचं काम आदल्या संध्याकाळीच झालं होतं. पोहोचल्या पोहोचल्या, चेन गरम असताना ल्यूब (चेनचं वंगण) मारलं की ते आतपर्यंत मुरतं आणि रात्रभरात बसतं. सकाळी मारून लगेच निघालं तर त्यातलं बरंचसं मागच्या चाकावर उडतं, आणि टायरला ल्यूब लागणं म्हणजे पहिल्याच वळणावर घसरायची तयारी.

रस्त्यावर आम्ही एकामागे एक सरळ रांगेत नसतो. पहिला लेनच्या एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला, तिसरा पुन्हा पहिल्याच्या रेषेत. तिरक्या पुढच्या गाडीपासून किमान एक सेकंद आणि सरळ पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंद अंतर. वळणं सुरू झाली की सगळे एका रांगेत येतो, कारण वळणात प्रत्येकाला लेनची पूर्ण रुंदी लागते. शेजारी शेजारी गाड्या चालवत गप्पा मारणं आमच्यात बंद आहे. खड्डा आला तर बाजूला व्हायला जागाच राहत नाही.

आता हिशेब. मोकळ्या रस्त्यावर काटा ८० वर होता, तरी दिवसाची सरासरी ४५ च्या आसपासच आली. एकटा माणूस पेट्रोलला थांबला तर दहा मिनिटांत निघतो. चौघांत एकाचे हातमोजे सापडत नाहीत, एकाला फोन येतो, एकाला सामानाची दोरी पुन्हा आवळायची असते, आणि पाऊण तास गेलेला असतो. त्यात ज्याची टाकी सगळ्यात लहान, त्याच्या हिशेबाने सगळ्यांनी थांबायचं. ४५ च्या सरासरीने ६०० म्हणजे तेरा तासांहून जास्त. शेवटचे तास अंधारात, तेही दिवसातल्या सगळ्यात थकलेल्या अवस्थेत.

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी शेवटी होतो. रस्ता सरळ, ऊन डोक्यावर, गार वारा अंगावर. अशा वाऱ्यात घाम येतो तसा वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी कमी होतंय हे कळतच नाही. माझ्या पुढचा मित्र आमच्यातला सगळ्यात सराईत. त्याने एक ट्रक ओलांडला आणि इंडिकेटर तसाच चालू राहिला. वाटलं, करेल बंद. चार-पाच किलोमीटर तो पिवळा दिवा लुकलुकतच होता. मग त्याची रेषा बघितली. गाडी हळूहळू कडेकडे सरकायची आणि एकदम झटक्याने परत यायची. दोनदा तसं झालं. मी हॉर्न दिला, हेडलाइट मारला, पण त्याचं आरशाकडे लक्षच नव्हतं. शेवटी थोडं अंतर ठेवून त्याच्या बाजूला गेलो आणि हाताने थांब म्हणून खूण केली.

थांबल्यावर त्याने हेल्मेट काढलं. डोळे लाल झालेले. म्हणाला, "मी ठीक आहे रे, तू उगाच थांबवलंस." मी त्याला ट्रकबद्दल विचारलं. त्याला तो ट्रक आठवतच नव्हता.

डोळे उघडे असताना मेंदू दोन-तीन सेकंद झोपू शकतो. ८० च्या वेगाला सेकंदाला २२ मीटर जातात, म्हणजे तीन सेकंदांत ६६ मीटर गाडी कोणी चालवतच नसतं. हे लिहितानाही माझ्या डोळ्यांसमोर तो लुकलुकणारा दिवा येतो. त्याला सकाळपासून झोप येत होती. आपल्यामुळे सगळे अडकतील म्हणून तो बोलला नाही. आम्ही बाकीचे तिघेही थकलो होतो आणि आम्हीही बोललो नव्हतो.

झाडाखाली जॅकेट अंथरून तो वीस मिनिटं झोपला. उठल्यावर सगळे भरपूर पाणी प्यायलो. त्या दिवशी ठरवलेल्या मुक्कामाच्या ९० किलोमीटर अलीकडेच थांबलो. सूर्य अजून वर होता. चेन निवांत साफ करता आली, आणि माझ्या मागच्या टायरमध्ये घुसलेला खिळाही तेव्हाच दिसला. उजेड होता म्हणूनच दिसला.

त्या ट्रिपपासून काही गोष्टी आमच्यात पक्क्या आहेत. दर तासा-सव्वा तासाला थांबायचं, कोणाला गरज असो वा नसो. "थकलो" म्हटलं की प्रश्न न विचारता पुढच्या सुरक्षित जागी सगळ्यांनी थांबायचं. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी, सगळ्यात नवखा पहिल्याच्या लगेच मागे. नवखा शेवटी राहिला तर पुढच्यांना गाठायच्या नादात तो सगळ्यांत जोरात गाडी हाणतो, हे मी पाहिलंय. वळायच्या ठिकाणी मागचा आरशात दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचं, म्हणजे कोणी चुकत नाही आणि कोणाला धावाधाव करावी लागत नाही.

तुमच्या कागदावर दहा दिवसांचे ६,००० किलोमीटर आहेत. ते ३,००० वर आणा, नाहीतर दिवस वाढवून घ्या. पहिल्या दिवशी २५० च धरा, कारण लादलेली गाडी ब्रेकला आणि वळणाला कशी वागते हे त्या दिवशी कळतं. पाचवा दिवस पूर्ण रिकामा ठेवा. आणि निघण्याआधी चौघांनी एकदा समोरासमोर बसून रांगेत सगळ्यांच्या मागे कोण चालवणार ते ठरवा. मागून तिघांवर नजर त्याचीच असणार आहे.