‘सेट’ हे ल्युकेमियाशी (रक्ताच्या कर्करोगाशी) संबंधित प्रथिन मेंदूच्या चेतापेशीत नेमकं कुठे असतं?

थोडक्यात सांगायचं तर निरोगी चेतापेशीत मुख्यतः केंद्रकात. नाव ल्युकेमियाचं असलं तरी हे काही कर्करोगाचं खास प्रथिन नव्हे. शरीरातल्या बहुतेक पेशींत ते असतंच. ल्युकेमियाच्या एका रुग्णात त्याचं जनुक दुसऱ्या जनुकाला चिकटलेलं सापडलं, म्हणून हा शिक्का बसला.

खरी गंमत अल्झायमर या विस्मरणाच्या आजारात आहे. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंच्या कापांत सेटला रंग दिला, तर निरोगी चेतापेशीत केंद्रकाचा गोल ठिपका उठून दिसतो. अल्झायमरच्या रुग्णात मात्र रंग बाहेर, पेशीद्रवात पसरलेला असतो. जागा बदलली एवढंच ना, असं वाटेल. पण पेशीद्रवात पीपी-२ए नावाचं विकर (एन्झाइम) असतं, चेतापेशीतल्या टाऊ नावाच्या प्रथिनावरचे फॉस्फेट काढून टाकणारं. सेट नेमकं त्यालाच अडवतं. मग टाऊवर फॉस्फेट साचत जातात आणि त्याच्या गुंतवळी होतात, ज्या अल्झायमरची खूण मानल्या जातात. अर्थात टाऊ बिघडायला हे एकच कारण नाही.

आणि हो, रक्ताच्या कर्करोगामुळे अल्झायमर होतो असा अर्थ यातून काढू नका. प्रथिन तेच, पण भानगडी वेगळ्या.