कोशर दुकानातून ४० जणांचं जेवण मागवायचंय. रिव्ह्यू उलटसुलट आहेत, भरवसा कशावर ठेवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या एडिसन गावी तुमच्या घरी ऑफिसातल्या ४० जणांना जेवायला बोलावलंय. त्यातले ६ जण कडक कोशर (ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम) पाळणारे ज्यू आहेत आणि बरेचसे आपल्याकडचे शाकाहारी. जवळच्या हायलँड पार्कमधल्या एका कोशर टेकआउट-केटरिंग दुकानाला कुणी पाच तारे दिलेत, कुणी एक. तक्रारी अशा: महाग आहे, खारट आहे, शुक्रवारी फोन उचलत नाहीत, सँडविचमध्ये चीज मागितलं तर नाही म्हणाले, श्निट्झेल (पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला मांसाचा काप) मऊ पडलं होतं.

ताऱ्यांच्या सरासरीकडे बघूच नका. अशा दुकानाला दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं असतात. एक, दर आठवड्याला शब्बाथचं (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाचं) जेवण तिथूनच नेणारी. दुसरी, रस्त्याने जाताना भूक लागली म्हणून शिरलेली. पहिल्यांनी दिलेले तीन तारे दुसऱ्यांच्या पाचांपेक्षा मोलाचे.

चीजची तक्रार तर थेट बाद करा. कोशरमध्ये मांस आणि दूध एकत्र येत नाही, त्यामुळे मांसाच्या दुकानात चीज, लोणी, सायीला मज्जाव असतो. शुक्रवारचंही तसंच. सूर्यास्ताआधी शब्बाथ लागतो, म्हणून दुकान दुपारीच बंद होतं आणि गुरुवार रात्रीपासून तिथे पाय ठेवायला जागा नसते. फोन सोमवार ते बुधवारमध्ये करा. पेसाख या ज्यू सणाच्या आधीचे, म्हणजे मार्च-एप्रिलचे, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सणांतले वैतागलेले रिव्ह्यूही बाजूला ठेवा. त्या दिवसांत चांगली दुकानंसुद्धा कोलमडतात.

महाग आहे हे खरंच. कसाई प्रशिक्षित लागतो, जनावराची फुप्फुसं तपासावी लागतात, स्वयंपाकघरावर देखरेख करणाऱ्या माशगियाखचा पगार असतो. मागच्या भागातली नस काढणं किचकट, म्हणून अमेरिकेत बहुधा पुढचाच भाग कोशर म्हणून विकला जातो. खारटपणाचं मूळही प्रक्रियेत आहे. मांस अर्धा तास पाण्यात भिजवतात, तासभर मीठ लावून ठेवतात, मग तीनदा धुतात. तरीही पानातला पदार्थ खारट लागला तर दोष आचाऱ्याचा, कारण मांसात मीठ आहे हे त्याला माहीत असतं.

लक्ष द्यायचं ते या शब्दांकडे: ट्रे कमी आले, तासभर उशीर झाला, फॉइल फाटलं होतं, बिलात डिलिव्हरी आणि सेवाशुल्क नंतर वाढवलं. अशी तक्रार केटरिंग मागवलेल्या दोन-तीन वेगवेगळ्या लोकांनी केली असेल तर दुसरं दुकान बघा. मालक किंवा आचारी बदलल्याचा उल्लेख दिसला, तर त्याआधीचं सगळं कौतुक शिळं समजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याच रिव्ह्यूत धड सापडत नाही. दुकानाला सर्टिफिकेट कुणाचं आहे? ओयू, स्टार-के, टीनेकची कोफ-के, की स्थानिक रब्बींच्या मंडळाचं? न्यू जर्सीत कोशर माल विकणाऱ्याला देखरेख कुणाची ते दुकानात लावून सांगावं लागतं. त्या कागदाचा फोटो मागवा, मुदत बघा आणि त्या सहा जणांना सरळ विचारा, ‘हे तुम्हाला चालतं का?’ यात कुणाला अपमान वाटत नाही, उलट बरं वाटतं. सहापैकी एकाला जरी चालणार नसेल, तर पाच तारे काय कामाचे?

तुमच्या पाहुण्यांकडे बघता मी मांसाचं दुकान सुचवणार नाही. तिथला अर्धा मेनू गोमांसाचा असतो: ब्रिस्केट, पास्त्रामी, कॉर्न्ड बीफ, चोलंट. सोबतचे भाजीचे पदार्थ त्याच भांड्यांत शिजलेले असू शकतात. कोशर डेअरी दुकान घ्या, म्हणजे मांसाचा प्रश्नच मिटतो. पण ‘पार्वे’ लिहिलेल्या पदार्थांत फसू नका. पार्वे म्हणजे मांस नाही आणि दूध नाही, एवढंच. अंडं आणि मासे त्यात चालतात. बटाट्याच्या कुगेलमध्ये (ओव्हनमध्ये भाजलेला केकसारखा पदार्थ) अंडं असतंच, ट्यूना माशाचं सॅलड डेअरी दुकानातही मिळतं. प्रत्येक ट्रेवर अंडं आहे की नाही ते मोठ्या अक्षरांत लिहून द्या, असं ऑर्डर देतानाच सांगा.

श्निट्झेलची तक्रार मात्र तुमच्या कामाची आहे. तुमचा ओव्हन कोशर नाही, म्हणून त्यात गरम करायचे ट्रे दुकानाकडून दोन थर फॉइलमध्ये घट्ट बांधून हवेत आणि ते तसेच न उघडता ओव्हनमध्ये जातात. आत वाफ कोंडते आणि कुरकुरीत पदार्थाचा लगदा होतो. तेव्हा तळलेलं काही मागवूच नका. झाकून गरम केल्यावर बिघडत नाही ते घ्या: बेक्ड झिटी (चीज घालून भाजलेला पास्ता), लझान्या, सॉसमधला मासा, भाजलेल्या भाज्या.

४० जणांसाठी झिटी किंवा लझान्याचे ४ हाफ ट्रे (एकात १० ते १२ जणांचं होतं), भाज्यांचे ३ हाफ ट्रे, ९ बाय १३ इंचांचे २ कुगेल, ३ डझन बेगल आणि ट्यूना व अंड्याचं सॅलड मिळून ४ पौंड पुरेल. फुल ट्रे नकोत. घरच्या ओव्हनच्या एका जाळीवर तो एकच जेमतेम बसतो आणि मध्ये थंड राहतो. फ्रीजमधला हाफ ट्रे ३५० फॅरेनहाइटला तासभर तरी लागतो. मध्यभागी १६५ अंश यायला हवेत, पण थर्मामीटर खुपसायचं तर फॉइल फोडावं लागेल. म्हणून जमलं तर जेवणाच्या पाऊण तास आधी गरमच पोचवायला सांगा. बाहेर काढलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

वाढायच्या वेळी ट्रे फोडायचं काम त्या सहांपैकी एकाला द्या. सील त्यांच्या नजरेआड तुटलं तर काहीजण जेवणार नाहीत. ताटं, चमचे, डाव सगळं डिस्पोजेबल आणि दुकानातूनच. घरची पुरणपोळी, शेजारच्यांचा ढोकळा ठेवायचा असेल तर वेगळ्या टेबलावर, वेगळ्या चमच्यांनी. चहासुद्धा त्याच टेबलावर ठेवा, पातेलं तुमचं आहे. त्या सहांसाठी दुकानातूनच बाटलीबंद पेयं आणि गोड मागवा.

एवढा व्याप नको असेल तर दुसरा मार्ग आहे. सहाच सीलबंद डबे कोशर दुकानातून घ्या, बाकी ३४ जणांचं नेहमीच्या केटररकडून. खर्च बराच कमी होतो आणि त्या सहांना अशा डब्यांची सवय असते. डबे मात्र सहाऐवजी सात सांगा, कारण एखादा हमखास बायकोला घेऊन येतो.